थंडीत मधूनच अडणारी गाडी: दोनदा बॅटरी बदलूनही न सुटलेलं कोडं

आमची गाडी दहा वर्षांची. पेट्रोलची, हाताने गियर टाकायची. चालवणारे चौघं: मी, नवरा, सासरे आणि नुकतंच लायसन्स मिळालेली मुलगी. एरवी गाडीची कसली तक्रार नसते. थंडी पडली की मात्र आठ-दहा दिवसांतून एखाद्या सकाळी ती अडते, आणि तेही नेमकं सगळ्यांना घाई असते तेव्हा. दुपारी गॅरेजमध्ये न्यावी तर पहिल्या सेल्फला चालू. मेकॅनिक आपल्याकडे बघतो, आपण गाडीकडे बघतो.

दोन हिवाळे हेच चाललं. पहिल्या वर्षी बॅटरी बदलली, तीन आठवडे बरे गेले, मग पुन्हा तेच. दुसऱ्या वर्षी ‘ही बॅटरीच खराब निघाली’ म्हणून वॉरंटीत बदलून घेतली. पुन्हा तीन आठवडे. शेवटी दोष सापडला तो वीतभर लांबीच्या एका पट्टीत. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं आम्ही दोन वर्षं करत होतो. तो दोष कसा सापडला आणि वाटेत बाकीची कारणं कशी बाद केली ते लिहिते. तुमच्या गाडीचं कारण वेगळं निघू शकेल, पण शोधायचं कसं ते फारसं बदलणार नाही.

आधी घरातल्यांचे जबाब

‘गाडी चालू होत नाही’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. घरात चौघं चालवणारे असले की चार तऱ्हा ऐकू येतात. नवरा म्हणायचा बॅटरी उतरली, मुलगी म्हणायची मेली, सासरे म्हणायचे जड चालते. मी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही आणि पेन्सिल ठेवली. (पेन नाही. थंडीत पेन ऐनवेळी उमटत नाही, आणि मग कोणीच काही लिहीत नाही.) चारच गोष्टी लिहायच्या: गाडी किती तास उभी होती, बाहेर किती अंश होते, सेल्फ मारल्यावर नक्की काय झालं, आणि आदल्या दिवशी ती किती चालली.

वही आठवडाभर कोरीच राहिली, कारण घाईत कोण लिहिणार. मग मीच एकेकाला विचारायला लागले. सुरुवात सासऱ्यांपासून.

“बाबा, सेल्फ मारताना दिवे बारीक होतात का हो?”

“दिवे कशाला बारीक होतील? दिवे चांगले लख्ख असतात. इंजिनच झोपेत असल्यासारखं फिरतं.”

हे त्यांनी मला आधीही सांगितलं असणार. मी ऐकलं नव्हतं. पुढचा सगळा शोध या एका वाक्यावर फिरला.

आवाज काय सांगतो

किल्ली फिरवल्यावर साधारण चार प्रकार होतात, आणि प्रत्येकाची वाट वेगळी.

एक, टरटरटर असा जलद आवाज येतो आणि दिवे विझत आल्यासारखे होतात. बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे. सेल्फची सोलेनॉइड (मोटरला वीज जोडून देणारा चुंबकी स्विच) ओढली जाते, तेवढ्यात व्होल्टेज कोसळतं, ती सुटते, पुन्हा ओढली जाते. तोच तो टरटराट.

दोन, एकच ‘टक’ आणि मग शांतता, पण दिवे तसेच. इथे बॅटरीला दोष देण्याआधी सेल्फ मोटर, तिची सोलेनॉइड आणि तिथवरच्या वायरी बघायच्या.

तीन, इंजिन फिरतं पण कण्हत, घुर्र… घुर्र करत. दिवे बारीक होत असतील तर बॅटरी. दिवे लख्ख असतील तर बॅटरी आणि सेल्फ यांच्या दरम्यान वीज कुठेतरी अडतेय. आमचा प्रकार हा.

चार, इंजिन झपाझप फिरतं पण पकडत नाही. मग बॅटरी विसरा. पेट्रोल, ठिणगी किंवा सेन्सर. त्याबद्दल खाली लिहिलंय.

बॅटरी निर्दोष कशी ठरली

साधा डिजिटल मल्टीमीटर घरात असावाच. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी, काहीही चालू न करता, १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जेमतेम पाव. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फुगलेला येतो, म्हणून आधी दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करायचे, थोडं थांबायचं आणि मग मोजायचं.

पण उभ्या गाडीतला आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. खरी परीक्षा सेल्फ मारतानाची. तेव्हा बॅटरीच्या खांबांवर ९.६ व्होल्टच्या खाली आकडा गेला तर बॅटरी थकली असं धरायला हरकत नाही. गार बॅटरीची ताकद तशीही घटते, कारण आतली रासायनिक क्रिया मंदावते; शून्याखाली १८ अंशांवर ती साधारण निम्म्यावर येते. बॅटरीवर सीसीए म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो याच तापमानाला ती ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकेल याचा. बॅटरी बदलताना आधीच्यापेक्षा कमी सीसीएची घेऊ नका, मग दुकानदार काहीही म्हणो.

आमच्या बॅटरीचे आकडे: उभी असताना १२.४, सेल्फ मारताना १०.९. म्हणजे पूर्ण भरलेली नाही, पण गाडी चालू करायला पुरेशी धडधाकट. तरी इंजिन कण्हत होतं.

ती सकाळ

दुखणं असेल तेव्हाच नाडी बघायची. दुपारच्या उबेत मोजून उपयोग नव्हता, म्हणून सकाळी साडेसहाला मुलीला उठवून सीटवर बसवलं. गियर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, क्लच दाबलेला. इंधनपंपाचा फ्यूज काढून ठेवला, म्हणजे इंजिन फिरेल पण चालू होणार नाही आणि मला चार सेकंद मोजायला मिळतील. माझी ओढणी काढून घरात ठेवली. बोनेटखाली पट्टे फिरत असतात, तिथे लोंबतं काही नको.

मीटर व्होल्टवर. एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग नसलेल्या जागी.

“मार सेल्फ.”

खरं तर हे दोन्ही एकच टोक मानायचं, म्हणजे त्यांच्यात काहीच फरक दिसायला नको. ०.२ व्होल्टपर्यंत चालतं. मीटरवर आला १.३. मला वाटलं काडी नीट टेकली नाही. पुन्हा मोजलं, पुन्हा १.३. मग तुकडे पाडले. बॅटरीचा निगेटिव्ह खांब ते गाडीची बॉडी: ०.०६. बॉडी ते इंजिन: सव्वा व्होल्टच्या आसपास. म्हणजे वीज बॉडीपर्यंत बिनतक्रार जात होती आणि बॉडीतून इंजिनात जाताना अडत होती. त्या दोघांना जोडते ती अर्थिंगची पट्टी.

दिवे लख्ख का, तेही उलगडलं. दिव्यांचं अर्थिंग बॉडीला, आणि ती वाट ठणठणीत होती. सेल्फ मोटर बसते इंजिनवर, तिची परतीची वाट त्या पट्टीतून. बाबा बरोबर सांगत होते.

ती पट्टी तांब्याच्या बारीक तारांची विणलेली असते, चपटी, वेणीसारखी. आमची गियरबॉक्सच्या बाजूला खाली होती. वरून बघितली तर धड. बोल्ट घट्ट. पण नखाने वेणी उसवून बघितली तर आत हिरवा भुगा, आणि टोकाच्या गोल कडीशी मोजून पाच-सहा तारा शाबूत. दोन वर्षांत तीन जणांनी बोनेट उघडलं होतं आणि तीनही जणांनी ती ‘आहे’ एवढंच बघितलं होतं. माझ्यासकट.

मग थंडीतच का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता. तुटकी पट्टी उन्हातही तुटकीच असते.

गणित साधं निघालं. त्या पट्टीचा अडथळा होता फार तर ०.०१ ओहम. एरवी तो कोणाच्या खिजगणतीत नाही. पण सकाळी इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं, इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो आणि सेल्फ मोटर सव्वाशे-दीडशे अँपिअर ओढते. दीडशे गुणिले ०.०१, म्हणजे दीड व्होल्ट वाटेतच गळाले. दुपारी ऑइल पातळ, करंट कमी, गळती कमी, गाडी चालू.

दुसरा फास त्याहून छुपा. अल्टरनेटरसुद्धा इंजिनवरच बसवलेला असतो, म्हणजे बॅटरी भरणारी वीजही याच पट्टीतून फिरते. हेडलाइट, हीटरचा पंखा आणि मागच्या काचेचा हीटर, सगळं लावून मोजलं तेव्हा अल्टरनेटरपाशी १४.२ व्होल्ट होते, बॅटरीवर मात्र १३.७. थंडीत बॅटरीला भरायला जास्त व्होल्टेज लागतं आणि आमच्या बॅटरीला नेमकं कमी मिळत होतं. नवी बॅटरी दुकानातून भरून यायची, हळूहळू उपाशी राहायची आणि तिसऱ्या आठवड्यात हात टेकायची. म्हणून ते ‘तीन आठवडे बरे’.

तिसरी फसगत जंपर केबलची. शेजारच्या गाडीवरून जंप दिला की आमची गाडी दर वेळी चुटकीसरशी चालू व्हायची, आणि आम्ही म्हणायचो, बघा, बॅटरीच. पण काळा चिमटा नियमाप्रमाणे आम्ही इंजिनच्या धातूला लावत होतो, म्हणजे खराब पट्टीला वळसा घालून थेट सेल्फला वाट देत होतो! मीटर नसेल तर हीच गोष्ट चाचणी म्हणून वापरता येते. गाडी कण्हत असताना जंपर केबलची एकच वायर घ्या, एक टोक आपल्याच बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या जाड धातूला, आणि सेल्फ मारा. इंजिन झपकन फिरलं तर अर्थिंगच खराब आहे.

दुरुस्ती

ती मात्र अर्ध्या तासाची. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवली (सोडवताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, उलट केलं आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं तर जाळ निघतो). गंजलेल्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून चहा घेऊन आले. पट्टी काढली, दोन्हीकडचा धातू पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला. रंगावर किंवा गंजावर नवी पट्टी कसली तर दोष तसाच राहतो. नवी आधीच्याइतकीच जाड घेतली, घट्ट कसली आणि वरून ग्रीस फासलं. ग्रीस आधी नाही, कसून झाल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं: १.३ च्या जागी ०.१.

पॉझिटिव्ह बाजूही अशीच मोजून घ्या: बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब ते सेल्फ मोटरचा जाड बोल्ट. अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओतायचा, फसफसून निघून जाते. मग टर्मिनल काढून आतून घासायचं. वरवर ब्रश फिरवून भागत नाही, कारण खरा थर खांब आणि टर्मिनल यांच्या मधोमध असतो.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर

अर्थिंग नीट, बॅटरी बरी, तरी सकाळी १२ व्होल्ट? मग गाडी झोपेत वीज खातेय. निगेटिव्ह वायर काढून मधे मीटर अँपिअरवर जोडायचा, दारं बंद करायची, गाडीला कुलूप घालायचं आणि निदान अर्धा तास थांबायचं. आतले संगणक झोपायला वेळ घेतात, लगेच आलेला आकडा बघून घाबरू नका. शेवटी ०.०५ अँपिअरच्या आत आलं तर ठीक. अर्धा अँपिअर दिसला तर दिवसाला १२ अँपिअर-तास चालले, ४५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत निम्म्याखाली. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्याने आकडा पडेल त्या वाटेवर चोर. डिकीचा दिवा, नंतर बसवलेला कॅमेरा, स्टीरिओ, आणि कधीकधी अल्टरनेटरचा बिघडलेला डायोड. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल.

फिरतं पण पकडत नाही

हा त्रास आमच्या गाडीला नाही, माझ्या भावाच्या गाडीला होता, म्हणून कामापुरतं.

पेट्रोल गाडीत किल्ली ‘ऑन’वर ठेवून दोन-तीन सेकंद मागून येणारी पंपाची गुणगुण ऐका, बंद करा, पुन्हा ऑन करा, मग सेल्फ मारा. असं केल्याने चालू होत असेल तर रात्रीत इंधनाचा दाब उतरतोय: पंपातली झडप किंवा गळका इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग). पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन ओव्हर झालंय, म्हणजे आत जास्तीचं पेट्रोल साचलंय. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा, बहुतेक इंजेक्शनवाल्या गाड्यांत तेवढ्यापुरतं पेट्रोल तोडलं जातं. एका वेळी दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका, मधे मिनिटभर थांबा, मोटर जळते.

भावाच्या गाडीत खराब निघाला कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाचा सेन्सर. ओबीडीला (गाडीच्या संगणकाची माहिती वाचायच्या सॉकेटला) लावायचं छोटं यंत्र असेल तर सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही बाहेरच्या हवेइतकीच हवीत. त्याच्याकडे बाहेर ५ अंश आणि कूलंट म्हणे ४८! संगणकाला वाटायचं इंजिन गरम आहे, मग तो गार इंजिनाला लागतं तेवढं जास्तीचं पेट्रोल सोडायचाच नाही.

डिझेलवाल्यांनी वेटोळ्याचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबावं, आणि चालू झाल्यावर गाडी मिनिटभर थरथरून पांढरा धूर सोडत असेल तर हीटर प्लग (गार इंजिन आतून तापवणारे) तपासावेत. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. गाडी चालू होते आणि थोड्या वेळात बंद पडते. त्यावर टाकीखाली जाळ करण्याचे सल्ले ऐकले आहेत. नको.

वहीने सांगितलेलं आणखी एक

तीन आठवड्यांची पानं एकत्र बघितली तेव्हा दिसलं, की गाडी अडलेल्या बहुतेक सकाळींच्या आदल्या दिवशी ती फक्त जवळच्या कामांना गेली होती. पाच मिनिटं जा, बंद, पाच मिनिटं ये, बंद, आणि तेवढ्यात काचेचा हीटर, पंखा, दिवे सगळं चालू. खर्च झालेलं भरून यायच्या आत गाडी परत उभी. आता आठवड्यातून एकदा कोणीतरी अर्धा-पाऊण तास सलग चालवतं. ऑइलही पुस्तिकेत चालतं म्हटलेल्यांपैकी पातळ घेतलं, ५डब्ल्यू-३०. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ते गारठ्यात कमी घट्ट होतं.

आणि घरातल्या सगळ्यांना दोन गोष्टी मी पाठ करायला लावल्या आहेत. बॅटरीचं खोकं फुगलेलं दिसलं किंवा आतलं पाणी गोठल्याची शंका आली तर जंप द्यायचा नाही, चार्जरही लावायचा नाही, फुटू शकते. भरलेली बॅटरी सहसा गोठत नाही, पण पूर्ण उतरलेलीत नुसतं पाणीच उरल्यासारखं असतं आणि ती शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठते. दुसरी: गाडी गरम करायला म्हणून बंद शटरच्या आत इंजिन चालू ठेवायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पट्टी बदलल्यापासून वहीत अडल्याची नोंद नाही. मात्र मुलीने मागच्या आठवड्यात लिहिलंय: “चालू लगेच. पण वीस मिनिटं चालवूनही हीटर गारच.” तापमानाचा काटाही मोठ्या रस्त्यावर मधल्या खुणेपर्यंत चढत नाही. कूलंटची पातळी बरोबर आहे, तेव्हा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) उघडाच अडकला असणार. नवा आणून ठेवलाय. इंजिन पूर्ण गार असताना काढायचा, म्हणून रविवारची सकाळ धरलीय, आणि मुलीला पुन्हा साडेसहाचा गजर लावायला सांगितलाय.